अक्षराचे कुळ कसे ओळखावे?

उत्तर नेमके कशाचे आहे हे स्पष्ट राहावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सदाशिव पेठेतील एका गृहउद्योगासाठी तुम्ही भाजणी, मेतकूट आणि चटण्यांची मराठी-इंग्रजी लेबले, एक चार पानी माहितीपत्रक आणि छोटे संकेतस्थळ करत आहात. सेरिफ (रेघेच्या टोकाला छोटे पाय असलेली अक्षरे), सॅन्स सेरिफ (असे पाय नसलेली), स्लॅब (जाड चौकोनी पायांची), स्क्रिप्ट (हस्ताक्षरी) आणि डिस्प्ले (मथळ्याची) ही वर्गात शिकलेली वर्गवारी इंग्रजी अक्षरांना लावता येते, पण मराठी फॉन्टची यादी उघडली की ती कोलमडते आणि 'जो बरा दिसेल तो' एवढाच निकष हाती उरतो. टाइपफेसचे प्रकार मुळात का पाडतात आणि देवनागरीच्या बाबतीत ते कसे पाडावेत, असे तुम्ही विचारले आहे.

पुण्यातल्या छापखान्यांत आणि नंतर पडद्यावर अक्षरे बसवण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत, आणि त्या भरवशावर माझे मत आधीच सांगून टाकतो. टाइपफेसचा प्रकार म्हणजे ते अक्षर कोणत्या हत्याराने घडले आणि कोणत्या कामासाठी घडले याची नोंद असते. 'पारंपरिक', 'आधुनिक', 'आपुलकीचे' अशी विशेषणे आपण त्यावर मागाहून चिकटवतो, आणि ती दर दहा वर्षांनी बदलतात. हत्यार आणि काम मात्र बदलत नाही. रोमन, म्हणजे इंग्रजीच्या, अक्षराचे हत्यार वेगळे आणि देवनागरीचे वेगळे, त्यामुळे एकाचे खण दुसऱ्याला जसेच्या तसे लावले की तुमच्यासारखी अडचण सर्वांनाच येते. दोष तुमच्या अभ्यासाचा नाही.

टाइपफेस आणि फॉन्ट या दोन शब्दांबद्दल फार वेळ घालवण्याचे कारण नाही. टाइपफेस म्हणजे अक्षरांचे आरेखन, त्यांचे वळण. फॉन्ट म्हणजे ते वळण ज्या स्वरूपात तुमच्या हाती येते ते, पूर्वी खिळ्यांचा संच आणि आता संगणकावरची फाइल. रोजच्या बोलण्यात दोन्हींना फॉन्टच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते फॉन्ट वापरण्याचा परवाना न वाचल्याने, पण तो मुद्दा शेवटी घेतो.

रोमन अक्षरांची वर्गवारी पाठ न करता तिच्यामागची कारणे पाहिली, तर ती सहज लक्षात राहते. पंधराव्या शतकातील व्हेनिसमधल्या निकोलस जेन्सनचे आणि सोळाव्या शतकातील फ्रान्समधल्या क्लोद गारामोंचे अक्षर हे रुंद टोकाच्या टाकाने लिहिलेल्या हस्तलिखिताची धातूतली आवृत्ती होते. म्हणून त्यात जाड-बारीक रेघांचा फरक मध्यम आहे, गोलाईचा तोल किंचित तिरका आहे आणि सेरिफ रेघेतून हळूच फुटलेला दिसतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या जॉन बास्करव्हिलने कागद गरम दाबाखाली गुळगुळीत केला, शाईही सुधारली, आणि मगच त्याला अधिक बारीक रेघा असलेले अक्षर छापता आले. त्याच शतकाच्या अखेरीस इटलीत बोदोनी आणि फ्रान्समध्ये दिदो घराण्याने हा फरक टोकाला नेला. उभी रेघ भरदार, आडवी रेघ केसासारखी, आणि टाकाचा तिरकेपणा पूर्ण पुसलेला. म्हणजे ज्याला आपण 'मॉडर्न' म्हणतो तो प्रकार कागदाच्या सुधारणेतून जन्मला आहे, आणि म्हणूनच खडबडीत कागदावर किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीवर तो आजही रुसतो.

पुढचे दोन प्रकार भिंतींवरच्या जाहिरातींनी घडवले. औद्योगिक क्रांतीच्या काळात लंडनमध्ये माल वाढला, स्पर्धा वाढली, भित्तिपत्रके लांबून वाचली जाण्याची गरज निर्माण झाली, आणि १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुन्यात जाड चौकोनी सेरिफांचे अक्षर आले. तेच आजचे स्लॅब. लगेच पुढच्या वर्षी विल्यम कॅस्लॉन चौथा याच्या नमुना-पुस्तकात सेरिफ काढून टाकलेले, केवळ मोठ्या (कॅपिटल) लिपीचे एक अक्षर छापले गेले. त्याच सॅन्स सेरिफला पुस्तकात आणि नकाशात प्रतिष्ठा मिळायला आणखी शतक लागले. १९२७ चा पॉल रेनरचा फ्युचुरा वर्तुळ आणि सरळ रेषेतून बांधलेला, १९२८ चा गिल सॅन्स जुन्या हस्ताक्षराची आठवण ठेवणारा, तर १९५७ चा हेल्व्हेटिका, जो आधी नोए हास ग्रोटेस्क या नावाने आला, यंत्रासारखा तटस्थ. हे तिन्ही 'सॅन्स' आहेत, पण एकाच्या जागी दुसरा वापरला तर लेबल वेगळेच बोलू लागते. 'सेरिफ नाही' हे अक्षराचे पुरेसे वर्णन होत नाही. एखाद्या माणसाला मिशा नाहीत एवढ्यावरून तो कोण हे जसे कळत नाही, तसेच हे आहे.

या सगळ्याची शास्त्रशुद्ध मांडणी करण्याचा प्रयत्न फ्रान्समधील माक्सिमिलिएँ व्हॉक्स यांनी १९५४ मध्ये केला आणि एटायपीआय या आंतरराष्ट्रीय टायपोग्राफी संघटनेने १९६२ मध्ये तो स्वीकारला. तुमच्या पाठ्यक्रमातील वर्गवारी बहुधा याच झाडाची फांदी आहे. त्या पद्धतीत रोमन अक्षरांसाठी बारकाईने आखलेले अनेक गट होते, आणि अगदी शेवटी 'रोमनेतर' नावाचा एकच खण होता, ज्यात देवनागरी, अरबी, चिनी, तमिळ असे सगळे जग कोंबलेले होते. संघटनेने या वर्गवारीचा स्वीकार २०२१ मध्ये मागे घेतला. तेव्हा, आपल्याकडील कोणी ती वर्गवारी देवनागरीला लावून दाखवा असा आग्रह धरला, तर ज्यांनी ती प्रमाण मानली होती त्यांनीही ती सोडली आहे एवढे नम्रपणे सांगावे.

आता देवनागरीकडे वळू. यासाठी संगणक बंद करून एक प्रयोग करावा असे मी प्रत्येक शिकाऊ विद्यार्थ्याला सांगतो. बोरू, म्हणजे तिरके टोक कापलेली लेखणी, मिळाला तर उत्तम, नाहीतर आइस्क्रीमची चपटी काडी घ्या आणि तिचे टोक तिरके कापा. रोमन सुलेखनात टाक असा धरला जातो की डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड पडते आणि उलट दिशेची बारीक; इंग्रजी 'व्ही' या अक्षराचा डावा हात जाड आणि उजवा बारीक असतो तो यामुळेच. देवनागरीच्या बोरूचा काप याच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ भरदार होते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ बारीक राहते. काप सुमारे पंचेचाळीस अंशांचा असला की आडवी शिरोरेषा आणि उभा दांडा दोन्ही जवळजवळ सारख्या जाडीचे उमटतात. काडी शाईत बुडवून आधी 'ठ' काढा आणि मग त्याच काडीने इंग्रजी 'ओ'. एका वर्तुळाचा बारीक भाग जिथे येईल तिथे दुसऱ्याचा येऊ द्यायचा तर हात मुद्दाम वळवावा लागतो. हा उलटा तोल डोळ्याला एकदा दिसला की, रोमन अक्षराच्या जाड-बारकीवर देवनागरी अक्षर ओढूनताणून बसवलेले फॉन्ट तुम्हाला यादीतून ताबडतोब ओळखू येतील. त्यांत अक्षर वाचता येते, पण ते बाहेरगावच्या माणसाने मराठी बोलावे तसे वाटते.

यावरून 'देवनागरी सेरिफ' या शब्दप्रयोगातली अडचणही उलगडते. रोमन सेरिफ हा रेघेच्या शेवटी येणारा छोटा पाय आहे. देवनागरीत अक्षर वरच्या रेषेला टांगलेले असते, दांडा खाली मोकळा संपतो, आणि रेघेचे टोक बोरूच्या कापानुसार तिरके कापलेले राहते. पाय असा नसतोच. बाजारात 'सेरिफ' नावाने मिळणारे देवनागरी फॉन्ट म्हणजे बहुतेक वेळा जाड-बारीक फरक राखणारे, कापलेल्या टोकांचे फॉन्ट असतात, आणि ते रोमन सेरिफच्या जोडीला बसावेत म्हणून कुटुंबाला तसे नाव दिलेले असते. नोटो सेरिफ देवनागरी हे त्याचे उदाहरण. नावाला हरकत नाही, कारण फाइल शोधायला ते सोयीचे आहे. पण आरेखनाचा विचार करताना मी त्याऐवजी 'फरकाचे अक्षर' आणि 'सम जाडीचे अक्षर' असे म्हणतो. निर्णयसागरच्या टाइपाने ज्यांचे डोळे घडले, ते पहिल्या कुळाला 'पुस्तकी वळण' म्हणत. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ मध्ये सुरू केलेल्या त्या छापखान्याच्या अक्षराने मराठी आणि संस्कृत पुस्तकांचा चेहरा कितीतरी दशके ठरवला, आणि आजही पोथी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तेच वळण येते. अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादी जुनी संस्कृत पोथी उघडून पाहिली, तर मी काय म्हणतो ते एका पानात कळेल.

तरीही, वळणाचा विचार दुसरा आणि कामाचा पहिला, असा माझा क्रम आहे. देवनागरी फॉन्टची यादी समोर आली की मी आधी तिचे दोनच ढीग करतो : मजकुराची अक्षरे आणि मथळ्याची अक्षरे. हा भेद चुकला तर बाकीचे सगळे बरोबर येऊनही काम फसते, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी असेच एका घरगुती उत्पादनाचे पाऊच केले होते. नावासाठी एक जाडजूड, गोलसर, घट्ट बांधणीचा फॉन्ट घेतला, तो मोठ्या मापात फारच गोड दिसला, आणि त्या मोहात मी मागच्या बाजूचा कृती सांगणारा सात पॉइंटांचा, म्हणजे अगदी बारीक मापाचा, मजकूरही त्याच फॉन्टमध्ये बसवला. छपाई फ्लेक्सो पद्धतीची होती, म्हणजे मऊ प्लेट प्लॅस्टिकवर दाबली जाते आणि शाई कडेने थोडी पसरते. पहिला गठ्ठा हाती आला तेव्हा भिंगाखाली पाहिले. 'भ' आणि 'म' यांच्यात काय फरक असतो याचा कधी विचार केला आहे का? 'भ'च्या डाव्या बाजूला शिरोरेषा तुटते आणि तिथे एक छोटे वळसेदार टोक असते. 'म'ची शिरोरेषा अखंड असते. माझ्या फॉन्टमध्ये ती फट मुळातच अरुंद होती, शाईने ती बुजवली, आणि सबंध पाऊचवर 'भाजणी'ची 'माजणी' झाली. 'धणे' हे 'घणे' झाले, कारण 'ध' आणि 'घ' यांच्यातही तोच फटीचा हिशोब आहे. ग्राहकाने समंजसपणे पैसे दिले, पण पुढचे काम दिले नाही.

त्या दिवसापासून मजकुराच्या अक्षराची माझी कसोटी ठरलेली आहे. 'भ' आणि 'ध' यांची फट मोकळी आहे का, 'ख' हा 'रव' असा फुटत नाही ना, 'क्ष', 'ह्म', 'द्ध' यांच्या पोटातला पांढरा भाग लहान मापातही शिल्लक राहतो का, आणि 'म', 'भ', 'न' यांच्या गाठी भरून काळ्या ठिपक्यासारख्या होत नाहीत ना, एवढे मी पाहतो. मथळ्याच्या अक्षराला यांपैकी काहीच बंधन नाही. मोदक नावाचा फॉन्ट पाहा; त्यात पोटातली जागा इतकी आवळलेली आहे की ती केवळ चिरेसारखी उरते, आणि मोठ्या मापात हीच त्याची गंमत आहे. पण त्याने कोणी घटकपदार्थांची यादी छापली, तर त्याला फॉन्टचा दोष म्हणता येणार नाही.

काम ठरले की मग वळण. इथे मी तीन गोष्टी पाहतो, आणि त्या कोणत्याही पाठ्यक्रमापेक्षा डोळ्याला लवकर उमगतात. पहिली म्हणजे जाड-बारीक फरक. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट पुस्तकी वळणाचा, फरक जपणारा, लांब मजकुराला योग्य. रोझा वन हाच फरक टोकाला नेऊन मथळ्यासाठी भरदार झालेला. तर मुंबईच्या एक टाइप समूहाचा मुक्ता जवळजवळ सम जाडीचा, सात वजनांत, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्यांत, मिळणारा आणि पडद्यावर तसेच कागदावर सारखाच वाचनीय. दुसरी गोष्ट म्हणजे गोलाई कशी बांधली आहे ती. पॉपिन्समध्ये वर्तुळ आणि सरळ रेषा यांच्यावर भर आहे, म्हणून तो फ्युचुराच्या पंगतीत बसतो. याउलट यात्रा वन हा रेल्वे स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या कुंचल्यातून आला आहे, आणि त्याच्या रेघेत मनगटाची हालचाल दिसते. तिसरी गोष्ट शिरोरेषा. ती किती जाड आहे, अक्षराअक्षरांमध्ये अखंड जुळते का, आणि तिच्यावरची वेलांटी व रफार तिच्यात नीट रुजतात की वरून ठेवल्यासारखे वाटतात, यावर संपूर्ण ओळीचा रंग, म्हणजे तिचा काळसरपणा, ठरतो. जाता जाता : मोडीत आधी पानभर रेघ मारून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शिरोरेषेकडे अक्षराचा भाग म्हणून न पाहता ओळीचा कणा म्हणून पाहायचे, हे मोडीकडून शिकण्यासारखे आहे.

हस्ताक्षरी फॉन्टचा प्रश्न मी लवकर संपवतो, कारण त्यांचा उपयोग मर्यादित आहे. कलमसारखा फॉन्ट एखाद्या आजीच्या टिपणाचा भास देतो आणि 'चार वाट्या भाजणी घ्या' अशा एका ओळीला शोभतो. दोन परिच्छेदांना शोभत नाही. लग्नपत्रिकांमध्ये दिसणारी लफ्फेदार सुलेखनी अक्षरे तर लेबलावर वापरूच नयेत, कारण ती पाहिल्यावर ग्राहकाला पाकिटात अक्षता आहेत असे वाटण्याची शक्यता असते.

यापेक्षा महत्त्वाचा आणि नेहमी राहून जाणारा मुद्दा मराठीच्या वळणाचा आहे. देवनागरी एक असली तरी मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीच्या प्रचलित छपाईपेक्षा वेगळे असतात. आपल्या 'ल'ला डावीकडे दोन गोलसर पाकळ्या असतात, आणि आपला 'श' शेंडीफोड्या वळणाचा असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली, त्यात या अक्षरांचाही समावेश आहे. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी रूप आपोआप येते. संकेतस्थळावर ती नोंद पानाच्या मांडणीत करावी लागते आणि इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या भाषेत. तसेच 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' आणि 'ॲप'मधला चंद्र असलेला 'अ' तपासल्याशिवाय फॉन्ट पसंत करू नका. मी कोणताही नवा फॉन्ट आला की 'राष्ट्रीय, कर्तृत्व, उद्ध्वस्त, हृदय, शृंगार, सर्वांगीण, दुसऱ्या, ॲप, लाल शाल' एवढी ओळ टाकून पाहतो. तिथे अडखळणारा फॉन्ट कितीही देखणा असला तरी त्याला मराठी कामात स्थान नाही.

मराठी आणि इंग्रजी शेजारी बसवताना प्रकारांची नावे जुळवू नका, रंग जुळवा. रंग म्हणजे डोळे किंचित मिटून पाहिले असता ओळ किती काळी किंवा राखाडी दिसते ते. देवनागरीत शिरोरेषेमुळे, जोडाक्षरांमुळे आणि वर-खाली लागणाऱ्या खुणांमुळे त्याच वजनाची ओळही अधिक काळी दिसते, म्हणून इंग्रजी मध्यम असेल तर मराठी एक पायरी हलकी घेऊन पाहावी. मापाचा हिशोब मात्र उलटा चालतो : एकाच पॉइंट मापात मराठी अक्षर बहुधा लहान भासते, कारण मात्रा, रफार आणि उकार यांना जागा ठेवून मधला भाग आखलेला असतो. दहा पॉइंट इंग्रजीच्या शेजारी मी मराठी साडेअकराच्या आसपास ठेवून डोळ्याने जुळवतो. दुकानांच्या पाट्यांसाठी २०२२ मध्ये राज्याच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. लक्ष्मी रस्त्यावर चालताना पाहिले तर कोणी मधल्या भागाची उंची जुळवली आहे आणि कोणी संगणकातला नुसता आकडा, हे सहज ओळखू येते. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा भरपूर जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा 'ट्र' खालच्या ओळीच्या 'र्वां'ला जाऊन भिडतो. अक्षरे दूर दूर करण्याची इंग्रजी मोठ्या लिपीतली लकब देवनागरीत आणू नये. शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दातपडका दिसतो. तिरपे अक्षरही आपले नाही. इटालिक हे १५०१ च्या आसपास व्हेनिसमध्ये आल्दस मानुतियसच्या छापखान्यात हस्ताक्षरावरून आले, तशी परंपरा देवनागरीत नाही, आणि यंत्राने ढकलून तिरपे केलेले अक्षर जखमी दिसते. ठळक वजन किंवा एकेरी अवतरण एवढे आपल्याला पुरते.

ग्राहकाकडून मजकूर येईल तेव्हा एक व्यावहारिक खबरदारी घ्या. पुण्यात डीटीपीचे काम वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा सीडॅकच्या मराठी टंकन-प्रणालींवर चालले, त्यांतली जुनी अक्षरे युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत येण्याआधीच्या, संकेतांची होती, आणि आजही पेठांतल्या अनेक संगणकांवर जुन्या फाइली तशाच आहेत. त्या मजकुराचे रूपांतर करता येते, पण रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत हमखास गडबड होते, म्हणून पूर्ण मजकूर मूळ प्रतीशी ताडून वाचणे अपरिहार्य आहे. फॉन्ट बदलल्यावर घोटाळा दिसला की विद्यार्थी फॉन्टला दोष देतात; दोष बहुधा संकेतांचा असतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे भारतीय लिप्यांसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, निवडलेला नसेल तर चांगला युनिकोड फॉन्टसुद्धा जोडाक्षरे फोडून दाखवतो, हेही ध्यानात असू द्या.

आता तुमच्या कामाचे. 'भाजणी', 'मेतकूट' ही नावे मथळ्याच्या अक्षरात घ्या, आणि इथे मी तुमच्या जागी असतो तर रंगवलेल्या पाटीच्या कुळातून सुरुवात केली असती, कारण घरगुती पदार्थाला कुंचल्याचा हात शोभतो आणि पुणेरी डोळ्याला तो पेठेतल्या जुन्या दुकानाची आठवण करून देतो. पोथीचे वळण मी टाळले असते. त्याने मेतकुटाला उगाच प्रसादाचे रूप येते. घटकपदार्थ, कृती, वजन आणि किंमत यांसाठी मुक्तासारखे सम जाडीचे, मोकळ्या पोटाचे अक्षर घ्या, त्याच कुटुंबातले इंग्रजी अक्षर शेजारी ठेवा, आणि वेष्टित वस्तूंच्या नियमांनी ठरवलेली किमान अक्षरउंची तपासून घ्या. माहितीपत्रकात उद्योगाची हकिगत दोन पानांची आहे असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्यापुरते फरकाचे पुस्तकी अक्षर वापरले तर वाचकाला ठेहराव मिळेल. संकेतस्थळावर तेच मुक्ता दोन वजनांत पुरेल, कारण प्रत्येक जादा वजन म्हणजे मोबाइलवर उतरणारी एक जादा फाइल. मी इथे सुचवलेले टिरो, मुक्ता, यात्रा वन हे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली उपलब्ध आहेत, त्यामुळे विक्रीच्या मालावर ते वापरता येतात. एखादा सशुल्क फॉन्ट आवडला तर संकेतस्थळासाठी वेगळा परवाना लागतो का हे ग्राहकाला दर सांगण्याआधी पाहा.

लेबल तयार झाले की ते पडद्यावर मोठे करून पाहत बसू नका. प्रत्यक्ष मापात साध्या कागदावर छापा, एकदा जशीच्या तशी प्रत आणि एकदा सर्व रेघा थोड्या जाड करून काढलेली प्रत, म्हणजे शाई पसरल्यावर काय होईल याचा अंदाज येईल. दोन्ही प्रती स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवून फळीवर ठेवा आणि घरातील ज्या व्यक्तीला चष्मा लागतो तिला, चष्मा न लावता, दोन हातांवरून वाचायला सांगा. 'भ'च्या जागी 'म' ऐकू आला, तर वजन एक पायरी कमी करा आणि पुन्हा छापा.